डॉक्टर मागून येतोय

१३ ऑगस्ट १९८४, सोमवार

आमच्या शहरातलं ऑलिम्पिक काल संपलं. पाहुणे गेले, रस्ते मोकळे झाले आणि दिवसभर टीव्हीसमोर बसायचं माझं निमित्तही गेलं. सकाळी अंगण झाडलं, मग गॅरेज आवरलं, मग आवरलेलं पुन्हा उपसून बसलो. लुइझ म्हणाली, "व्हर्न, एका जागी बस जरा. तुझ्याकडे बघून मला गरगरतंय." एकसष्टाव्या वर्षी बायकोकडून हे ऐकून घ्यावं लागतं.

दुपारी फोन आला तो मर्सर वॉशहून, पॉलीन टिबेट्सचा. आमच्या 'कॉपर वेल्स' या टीव्हीवरच्या वेस्टर्न मालिकेचं बाहेरचं सगळं चित्रीकरण त्या गावाशेजारच्या माळावर व्हायचं आणि आम्ही पॉलीनबाईंच्याच मोटेलात उतरायचो. बाई म्हणाल्या, "डेप्युटी, बातमी वाईट आहे. तुमचं गाव पाडताहेत."

माझं गाव म्हणजे आमचा सेट. मार्शलची कचेरी, दारूचा गुत्ता, पाण्याची टाकी, सगळं फळ्यांचं. जमीन विकली गेली, ऑक्टोबरात बुलडोझर येणार. त्याआधी जुन्या चाहत्यांना बोलावून गावकरी तिथे एक जत्रा भरवताहेत. हार्लन डोबी असता तर मान त्याचा होता, मालिकेतला मार्शल तो, म्हणजे गावाचा फौजदार. पण हार्लन फेब्रुवारीत गेला. उरलो मी, त्याच्या हाताखालचा डेप्युटी.

"येऊन दोन शब्द बोला म्हणजे झालं," बाई म्हणाल्या.

दोन शब्द! फोन ठेवला तेव्हापासून डोकं भणभणतंय. आमच्या मालिकेला शेवट मिळालाच नाही. सत्तर सालच्या वसंतात जो भाग दाखवला तो शेवटचा आहे हे आम्हालाही कुणी सांगितलं नव्हतं. मार्शलला गोळी लागलेली, तो कचेरीतल्या टेबलावर पडलेला आणि मी डॉक्टर आणायला घोड्यावरून निघालेला. बस्स. नव्या हंगामात आमच्या वेळेला एक श्रीमंत कुटुंब आणि त्यांचं केसाळ कुत्रं दिसायला लागलं. गेली चौदा वर्षं लोक मला बँकेत, बाजारात, दातांच्या दवाखान्यात गाठून विचारतात, "काय हो, डॉक्टर मिळाला का?"

मी परत जाणार. घोड्यावरून. गाव पडायच्या आत.

लुइझला सांगितलं. ती बशा पुसत होती. "तू?" एवढंच म्हणाली.

१७ ऑगस्ट, शुक्रवार

वेस्टर्न मालिका गेल्या कशा, हा प्रश्न आज पुन्हा उकरला आणि दिवस वाया घालवला. एक काळ असा होता की संध्याकाळी कुठलंही बटण फिरवा, घोडाच दिसायचा. आणि मग बघता बघता सगळं साफ. माझं मत पक्कं आहे: साबणवाल्यांनी घात केला. बघणारे कमी झाले नव्हते. पण बघणारे कोण, तर शेतकरी, आज्या आणि पोरंसोरं. जाहिरातवाल्यांना हवी होती शहरातली तरुण मंडळी, महागाचा शाम्पू घेणारी. धंदा आहे, दुसरं काय.

न्हावी म्हणाला, "तसं नाही हो मिस्टर हॅस्केट. संध्याकाळच्या बातम्यांत व्हिएतनाममध्ये खरी माणसं मरताना दिसायला लागली. त्यानंतर तुमची खोटी कोण बघणार?" मला इतका राग आला की अर्धे केस कापलेले असतानाच उठलो. पाच मिनिटांनी परत जाऊन बसावं लागलं.

घरी लुइझला विचारलं. म्हणाली, "त्या अख्ख्या गावात एका बाईला तरी काम होतं का रे? खिडकीत उभं राहून तुमची वाट बघायची, एवढंच. माझ्या हातात असतं तर दुसऱ्याच वर्षी बंद केली असती."

नऊ वर्षं त्या खिडकीने आपलं घर चालवलं, हे मी तिला ऐकवलं. तिने रेडिओ लावला.

२२ ऑगस्ट, बुधवार

लेस्टर एत्सिटीचा पत्ता नाही. त्याच्या घरी फोन नाही, म्हणून त्यांच्या भागातल्या चौफुलीवरच्या दुकानात निरोप ठेवतोय. दुकानदार दर वेळी म्हणतो, "सांगितलं त्याला." मग हा गप्प का?

लेस्टर माझा डुप्लिकेट. नावाहो जमातीचा आहे, पण उंची माझी, खांदे माझे, आणि माझी टोपी नि पिवळ्या केसांचा टोप घातला की लांबून साक्षात मी. घोड्यावर बसून ऐटीत चालणं मला जमायचं. धावणं लेस्टरचं. त्यासाठी आमची एक ठरलेली युक्ती होती. लेस्टर माळावरून भरधाव यायचा आणि पाण्याच्या टाकीमागे जायचा. तिथे मी दुसऱ्या घोड्यावर तयार. तोही तसाच तांबडा, कपाळावरचा पांढरा पट्टा रंगवलेला. तो मागे थांबला की मी दुसऱ्या बाजूने बाहेर पडायचो, थोडी धाप लागल्यासारखं करायचं, आणि काम फत्ते. नऊ वर्षांत कुणाच्या बापाला कळलं नाही.

गंमत म्हणजे दुपारी तोच लेस्टर पिसं लावून रेड इंडियन व्हायचा आणि गोळी खाऊन पडायचा. म्हणजे सकाळी मी होऊन तो ज्याच्या मागे लागायचा तो दुपारचा तोच. आम्ही यावर फार हसायचो. निदान मी तरी हसायचो.

त्याला मी कायम भावासारखं वागवलं. त्याचं नाव मालिकेच्या पाट्यांमध्ये नसायचं, पण तेव्हा पद्धतच तशी होती. मोटेलात त्याला खोली नसायची. त्याला म्हणे आपल्या पिकअपमध्येच झोप यायची. मग आता एक फोन करायला काय होतं त्याला?

२७ ऑगस्ट, सोमवार

आला एकदाचा फोन.

"व्हर्न? अजून जिवंत आहेस तू?"

"लेका, दहा निरोप ठेवले मी!"

"मिळाले. मेंढ्यांची कामं होती." मग विचारलं, "खुबा कसा आहे?"

माझ्या दुखऱ्या खुब्याचं याला कसं कळलं कोण जाणे. डॉक्टरने घोड्याचं नाव काढायचं नाही म्हणून सांगितलंय. मी त्याला बेत समजावला: तू भरधाव ये, मी टाकीमागे असेन, बाहेर पडून कचेरीशी उतरेन, दार ठोकेन आणि म्हणेन, "दार उघडा, डॉक्टर आणलाय!" चौदा वर्षांचं घोंगडं भिजत पडलंय, ते मोकळं होईल.

"आणि डॉक्टर कुठाय?"

"डॉक्टर मागून येतोय असं समजायचं."

तो हसला. मग म्हणाला, "येतो. पण एक अट आहे. माझ्या सासूला अगदी पुढे खुर्ची पाहिजे."

मी चक्रावलो. त्यांच्यात जावयाने सासूच्या आणि सासूने जावयाच्या दृष्टीस पडायचं नसतं. एक आत आला की दुसऱ्याने बाहेर जायचं, नाहीतर तोंड झाकून घ्यायचं. सेटवर त्यावरून त्याची मंडळी त्याला फार चिडवायची.

"अरे, ती तुला बघेल कशी?"

"मला कोण बघतंय? ती तुला बघायला येतेय," लेस्टर म्हणाला. "दुकानातल्या टीव्हीसमोर एक भाग चुकवायची नाही. डेप्युटी घोड्यावर दिसला की म्हणायची, काय बसतो हा गोरा माणूस! माझी बायको म्हणायची, आई, अगं तो... आणि म्हातारी म्हणायची, गप, तो डेप्युटी आहे."

ऐकून बरं वाटलं. चाहते कुठे कुठे असतात!

८ सप्टेंबर, शनिवार

काल मर्सर वॉशला पोहोचलो. लुइझ गाडी चालवत होती, मी दर पंधरा मैलांवर उतरून पाय मोकळे करत होतो.

सेट बघितला. माझ्या आठवणीत रस्ता केवढा रुंद होता! प्रत्यक्षात दोन गाड्या शेजारून जाणार नाहीत. कचेरीचं दार आहे, दारामागे काही नाही. मागून बघितलं तर टेकू लावलेल्या फळ्या, काटेरी झुडपं आणि लांबवर लाल माळ. पूर्वीही तसंच होतं. पण पूर्वी कधी वाईट वाटलं नव्हतं.

पॉलीनबाई उत्साहाने फुललेल्या आहेत. शाळेच्या मैदानावरच्या बाकड्यांच्या पायऱ्या आणणार आहेत. "रस्त्याच्या बाजूला लावतो, आणि उरलेली मंडळी मागच्या टेकाडावर बसतील. सगळ्यांना सगळं दिसायला हवं ना, डेप्युटी!"

"हवंच," मी म्हणालो.

१२ सप्टेंबर, बुधवार

लेस्टर दोन घोडे घेऊन आला. पिकलाय, पण ताठ आहे. आता केस वाढवलेत, मानेवर लोकरीच्या दोऱ्याने अंबाडा बांधतो. तो माझ्या टोपीखाली कसा लपणार याची मला काळजी लागली. तो म्हणाला, "आधी कुठे काय दिसायचं?"

तालीम केली. तो माळावरून सुटला. अजून तसाच बसतो, पाण्यावरून गेल्यासारखा. टाकीमागे येऊन थांबला, मी बाहेर पडलो. पूर्वी मोठा कॅमेरा जिथे असायचा तिथे लुइझला उभं केलं होतं. तिच्याकडून खात्री करून घेतली: "आमची अदलाबदल दिसली का?" ती म्हणाली, "इथून नाही."

"लोक कुठे बसणार आहेत?" लेस्टरने विचारलं.

"समोर. लोक नेहमी समोरच असतात."

त्याने मागच्या टेकाडाकडे बघितलं आणि घोड्याचा पट्टा सैल करायला लागला.

नंतर कचेरीच्या पायरीवर बसून मटणाचं सँडविच खाल्लं. मी माझी साबणाची हकिगत सांगितली, न्हाव्याचीही सांगितली. शेवटी विचारलं, "तुझ्या मते का गेल्या रे आपल्या मालिका?"

"तुला खरंच ऐकायचंय?"

"विचारतोय ना."

"माझी ती करडी घोडी आठवते? पडायला शिकवलेली. लगाम वळवला की अंग टाकायची. सातव्या वर्षी अशी झाली की बंदूकवाला दिसला की लगामाला हात लावायच्या आधीच आडवी. मी अजून वर बसलेला, आणि ती खाली पडून गवत हुंगतेय." तो हसला, मीही हसलो. "गोष्टीत कोण पडणार हे घोडीलासुद्धा कळलं, व्हर्न. मग माणसांनी का बघायचं?"

मी म्हणालो की साबणवाल्यांचा मुद्दा तरीही उरतोच. तो म्हणाला, "उरतो की." आणि माझ्या सँडविचमधली मिरची काढून खाल्ली.

१४ सप्टेंबर, शुक्रवार

एका जागी बसवत नाही. मोटेलाच्या आवारात इतक्या फेऱ्या मारल्या की पॉलीनबाईंचा कुत्रा कंटाळून माझ्या मागून यायचा थांबला. उद्या चुकलं तर परत नाही. सेटच राहणार नाही.

लुइझला विचारलं, "लोकांना कळलं तर?"

"काय कळलं तर?"

"की धावणारा मी नव्हतो."

ती म्हणाली, "व्हर्न, पाठमोरा नवरा बायकोला ओळखू येत नाही का? पहिल्याच भागात कळलं मला. दर आठवड्याला मी म्हणायचे, चला, लेस्टर आला, म्हणजे आता दोन मिनिटांत आमचे हे येतील."

"मग बोलली का नाहीस कधी?"

"तू इतका खूश असायचास," ती म्हणाली.

१६ सप्टेंबर, रविवार

काल जे झालं ते नीट लिहून ठेवतो.

माणसं अपेक्षेपेक्षा जास्त आली. कुठून कुठून गाड्या करून, डोक्यावर टोप्या घालून. लेस्टरच्या भागातूनही पिकअप भरभरून आले. अगदी पुढे घडीच्या खुर्चीवर मखमली पोलकं आणि निळ्या मण्यांच्या माळा घातलेली एक म्हातारी बसली होती, मांडीवर शाल. सासूबाईच त्या. मी टोपी उंचावून नमस्कार केला. त्यांनी मान डोलावली.

मग टाकीमागे गेलो. पॉलीनबाईंनी दिलेल्या खोक्यावर चढून एकदाचा घोड्यावर बसलो, लगाम धरला, आणि समोर बघितलं.

टेकाडावर पन्नास-साठ माणसं बसली होती आणि सगळी माझ्याकडेच बघत होती. मक्याच्या लाह्या खात होती. एका बाईने हात हलवला.

टाकी रस्त्यावरच्या लोकांपासून मला झाकत होती. टेकाडावरून मी उघडा होतो, खोक्यासकट. उभ्या जन्मात मी कॅमेऱ्याच्या एकाच डोळ्यासमोर उभा राहिलो, आणि त्या डोळ्याला दिसत नाही ते जगाला दिसत नाही असं धरून चाललो होतो. पॉलीनबाईंनी सांगितलं होतं. लेस्टरने विचारलंही होतं. आणि आता माळावर धूळ दिसत होती. लेस्टर सुटला होता.

रस्त्यावर ओरडा झाला, "आला! डेप्युटी आला!" टेकाडावरचे लोक एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघायला लागले. कुणीतरी मोठ्याने हसलं. मला वाटलं, जमीन दुभंगावी आणि घोड्यासकट मला पोटात घ्यावं.

लेस्टर टाकीमागे आला. थांबला नाही, नुसता हळू झाला. माझ्या शेजारून जाताना खोगिराला लावलेली कातडी पिशवी सोडून त्याने माझ्या मांडीवर टाकली.

"टोपी काढ. ही धर. मागून हळू ये."

"अरे पण..."

"डॉक्टर आहेस तू," तो म्हणाला आणि बाहेर पडला.

मी फळ्यांच्या फटीतून बघितलं. तो भर रस्त्यातून कचेरीपर्यंत गेला आणि घोडा थांबायच्या आत खाली उतरला. मला ते कधीच जमलं नव्हतं. लोकांकडे तोंड केलं. आणि त्याने डोक्यावरची माझी डेप्युटीची टोपी काढली. पांढरा अंबाडा, उन्हाने रापलेला चेहरा, सगळं उन्हात. मग टेकाडावरची त्याची माणसं उभी राहिली आणि ओरडायला लागली, "लेस्टर! लेस्टर!" पिकअपचे भोंगे वाजले. त्या लोकांना सगळं पहिल्यापासून माहीत होतं.

लेस्टरने दारावर मूठ आपटली. "दार उघडा! डॉक्टर आणलाय!" माझं वाक्य. चौदा वर्षं तोंडात घोळवलेलं. मला राग यायला हवा होता आणि आलाही. मग तो वळून म्हणाला, "चौदा वर्षं लागली. म्हातारा आहे, सावकाश येतोय. पण आणलाय!"

हशा झाला आणि सगळ्यांच्या माना टाकीकडे वळल्या.

काय करणार? मी निघालो. बोडक्या डोक्याने, पिशवी छातीशी धरून, घोडा एक एक पाऊल टाकतोय. खुबा ठणकत होता, धाप खरी होती. लोक टाळ्या वाजवत होते, आणि त्या टाळ्यांत हसू होतं, पण ते टोचलं नाही. लेस्टरने मला धरून उतरवलं. गर्दीतून एक म्हातारा गृहस्थ ओरडला, "डॉक्टर, मार्शल वाचेल का हो?"

याचा मी विचारच केला नव्हता. एवढ्या वर्षांत मी फक्त परत येण्याचा विचार केला. आत काय झालं, याचा एकदाही नाही.

"बघतो," मी म्हणालो आणि दार उघडून आत गेलो.

आत काही नव्हतं. टेकू, काटेरी झुडपं, लाल माळ. हार्लन नऊ वर्षं ज्या टेबलावर पाय टाकून बसायचा त्याचा एक तुटका पाय गवतात पडला होता. फेब्रुवारीत मी त्याच्या दफनाला गेलो होतो, सूट घालून, कोरड्या डोळ्यांनी. इथे मात्र मला रडू फुटलं. मी पिशवी खाली ठेवली आणि फळीला धरून मनसोक्त रडलो.

मग लेस्टरने दारावर हलकेच टकटक केली. "काय म्हणतोय पेशंट?"

मी तोंड पुसलं आणि बाहेर आलो. "वाचला," मी म्हणालो.

त्यानंतरचा गोंगाट मला नीट आठवत नाही. लुइझ टाळ्या वाजवत होती आणि रडत होती, हे दिसलं. सह्यांसाठी लेस्टरभोवती रांग लागली. एका लहान मुलीने मला विचारलं, "तुम्ही डॉक्टर ना?" मी हो म्हणालो.

गर्दी पांगल्यावर माझं लक्ष पुढच्या खुर्चीकडे गेलं. सासूबाईंनी शाल डोक्यावरून पार हनुवटीपर्यंत ओढून घेतली होती. लेस्टरने टोपी काढली त्याच क्षणी घेतली असणार. शालीच्या आत खांदे गदागदा हलत होते. मी घाबरलो, वाटलं म्हातारी रडतेय. लेस्टरची बायको शेजारी उकिडवी बसली होती, ती म्हणाली, "हसतेय हो. म्हणते, झाली ना पंचाईत! इतकी वर्षं मजेत बघत होते, आता दुकानात जुने भाग लागले की डोळे झाकून बसावं लागणार."

लेस्टर मागे उभा होता, तोंड दुसरीकडे करून, रीतीप्रमाणे. त्याच्या हातात माझी टोपी होती. मी ती मागितली नाही.

मी वाकून म्हातारीला म्हणालो, "बाई, तुम्ही आलात, फार बरं वाटलं." तिने आवाजाचा अंदाज घेतला, लेस्टरच्या बाजूने शाल घट्ट धरली आणि माझ्या बाजूची कड उचलून मला पायांपासून डोक्यापर्यंत सावकाश न्याहाळलं. माझ्याकडे बघायला तिला काहीच हरकत नव्हती.